कातड्याचा हिशेब

महारांनी मेलेली गुरे ओढणे सोडले, तेव्हा ‘केसरी’त एक हिशेब छापून आला होता. कातडे, शिंगे, हाडे सोडल्याने महारांचे किती रुपयांचे नुकसान होते, याचा तो हिशेब. १९५६ साली नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही हकीकत सांगितली. धंदा एवढा किफायतशीर आहे तर तुमच्याच लोकांनी तो करावा, वर मी बक्षीस देतो, असे त्यांचे उत्तर होते. ते बक्षीस न्यायला कोणी आल्याचे ऐकिवात नाही.

लघुउद्योगांची चर्चा निघाली की मला हा हिशेब आठवतो. स्वतंत्र भारताच्या नियोजनाने लहान उद्योगांवर मोठी भिस्त ठेवली. १९५५ची कर्वे समिती, १९६७पासूनची राखीव वस्तूंची यादी, या सर्वांमागे विचार एकच: थोड्या भांडवलात पुष्कळांना काम. पण लघुउद्योग कोणता, हे ठरले ते यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीवरून. भांडवल कोणत्या जातीचे आणि हात कोणत्या जातीचे, हे त्या मापात बसत नव्हते.

चर्मोद्योगच घ्या. गावगाड्यात महाराने मेलेले जनावर ओढायचे, ढोर समाजाने चुना, बाभळीची साल, हिरडा वापरून कातडे कमवायचे, चांभाराने वहाणा आणि मोटा शिवायच्या. तिघेही अस्पृश्य, आणि तिघांत पुन्हा उच्चनीच. पुढे कातड्याला परदेशी गिऱ्हाईक मिळाले, क्रोमची कमावणी आली, मोठी पिंपे आणि रसायने आली. त्यांना पैसा लागतो. तो असणाऱ्यांच्या हाती धंदा गेला. कसब असणारा नगावर मजुरी घेत बसला. विटाळ कातड्याला होता, नफ्याला नव्हता.

म्हणजे धंदा सोडणारे चुकले काय? मुळीच नाही. अपमानाची किंमत ‘केसरी’च्या आकडेमोडीत नव्हती. चुकले ते नियोजन. १९७४ साली महाराष्ट्रात चर्मोद्योग विकास महामंडळ निघाले. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून चार टक्के खरेदीचे लक्ष्य आले. पण तोवर राखीव यादी आक्रसत चालली होती. २०१५ साली तिच्यातल्या शेवटच्या वीस वस्तूही मोकळ्या झाल्या.

जून २०२५मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, तेव्हा आपल्याकडे संताप उसळला. तो कोल्हापूरच्या नावासाठी होता. चपलेची वेणी विणणाऱ्या बाईला जोडामागे काय पडते, एवढे विचारायला मात्र थोडेच थांबले.