आमच्या भिंतीवरची मोनालिसा

दिवाळीला नंदुरबारला घरी गेलो की पहिला दिवस झोपण्यात जातो आणि दुसरा साफसफाईत. या वेळी माझ्या वाट्याला पुढच्या खोलीतल्या तसबिरी पुसणं आलं. त्यात एक अशी, जी तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी कुठेतरी पाहिली असणार. अंधारात उभी असलेली साडीतली बाई, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, आणि त्या बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड. खाली बारीक अक्षरांत 'राजा रविवर्मा'.

"काय बघून राहिला रे?" नानांनी खुर्चीवरूनच विचारलं.

"नाना, हे रविवर्म्याचं नाहीये."

"चल! इतकी वर्षं झाली घरात, आम्हाला माहीत नाही?"

झाली का पंचाईत! आता पुरावा देणं आलं.

मंडळी, मागच्याच वीकेंडला मी मोनालिसाबद्दल वाचत बसलो होतो. (वीकेंडला दुसरं काय करणार?) ते चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं, आणि कॅनव्हासवर नाही तर लाकडी फळीवर काढलेलं. १९११ मध्ये लूव्रमधून ते चोरीला गेलं, तेव्हा नुसती रिकामी भिंत बघायला लोकांनी गर्दी केली! पण मला सगळ्यात भारी वाटली ती दुसरीच गोष्ट. ही बाई कोण, यावर शतकानुशतकं वाद. आणि २००५ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकाच्या समासात टीप सापडली. ऑक्टोबर १५०३ ची. फ्लॉरेन्सच्या एका कारकुनाने लिहून ठेवलेलं की लिओनार्दो सध्या लिसा देल जोकोंदोचं चित्र काढतोय. समासातली एक कॉमेंट, आणि एवढ्या वर्षांच्या वादात एक ठोस पुरावा! कोडमध्ये कॉमेंट न लिहिणाऱ्या माझ्या मित्रांनी याची नोंद घ्यावी.

आमच्या भिंतीवरच्या बाईच्या बाबतीत तर असलं संशोधनसुद्धा लागत नाही. सगळं उघड आहे, तरी लोक चुकतात. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. नाव 'ग्लो ऑफ होप'. काढलं १९४५-४६ च्या सुमारास. आणि रविवर्मा वारले १९०६ मध्ये! म्हणजे जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर त्यांनी हे काढलं म्हणायचं.

चित्रकार आहेत सावळाराम लक्ष्मण हळदणकर. सावंतवाडीचे, जन्म १८८२, जे. जे. मध्ये शिकलेले, आणि १९०८ पासून मुंबईत स्वतःची चित्रकलेची संस्था चालवणारे. अस्सल मराठी माणूस, आणि आपल्यालाच नाव माहीत नाही. मलाही नव्हतं, उगाच शहाणपणा कशाला करू?

आणखी एक धक्का म्हणजे हे तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. तैलरंगात चुकलं तर वरून पुन्हा रंगवता येतं. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे बहुतेक वेळा खालचा कागदच. तो जपत जपत भोवती अंधार चढवत न्यायचा. एकदा गडद झालं की झालं, अंडू नाही! आता त्या ज्योतीकडे आणि बोटांकडे पुन्हा एकदा बघा.

आणि ही बाई कोण? कोणी राणी नाही की अप्सरा नाही. हळदणकरांची मुलगी, गीता. वडिलांसाठी ती तीन तास दिवा धरून उभी राहिली होती म्हणे. लग्नानंतर त्या गीता उपळेकर झाल्या. २०१८ मध्ये कोल्हापुरात वारल्या तेव्हा वय होतं १०२. म्हणजे आपली 'मोनालिसा' परवापरवापर्यंत कोल्हापुरात होती, आणि घरोघरी तिच्या तसबिरीखाली भलत्याच माणसाचं नाव!

असं का झालं? माझा अंदाज सांगतो. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची लक्ष्मी-सरस्वती घराघरात पोचली. मग साडी, दागिने, भिंतीवरची तसबीर म्हटलं की रविवर्माच, असं डोक्यात बसलं. त्यात जगनमोहनमध्ये रविवर्म्यांची खरीखुरी चित्रंही आहेत. यात त्यांचा काही दोष नाही म्हणा. पण माझा तीन महिन्यांचा मॉड्यूल एकदा दुसऱ्याच्या नावाने डेमोला गेला होता, तेव्हापासून या विषयात मी जरा हळवा आहे. असो.

हे सगळं नानांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ते नाव छापलेलं नाहीये."

"म्हणजे?"

"फ्रेमवाल्याने विचारलं, कोणाचं चित्र. मी सांगितलं रविवर्म्याचं. त्याने लिहून दिलं."

मी काच पुन्हा पुसायला घेतली. तेवढ्यात मागून आवाज आला, "आडनाव काय म्हणालास? हळदणकर? ण बाणातला ना? थांब, चष्मा आणतो."