कंपवात : चेहरा आणि मन

लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली कंपवातावर ६६ पानांचा निबंध छापला, तेव्हा त्यांच्यापुढे अवघे सहा रुग्ण होते. त्यांतले दोघे त्यांना रस्त्यात भेटले. एकाला तर त्यांनी दुरूनच पाहिले. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर हाताची थरथर, पुढे वाकलेले अंग, चालता चालता धावू लागणारी पावले यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही उपयोगी पडते. मात्र इंद्रिये आणि बुद्धी शाबूत राहतात, असे त्यांनी व्याख्येतच लिहून ठेवले. अखेरच्या दिवसांतली ग्लानी आणि किंचित भ्रम यांची नोंद त्याच निबंधात आहे. पण लोकांनी लक्षात ठेवली ती व्याख्या. रस्त्यात भेटलेल्या माणसाची चाल कळते, स्मृती कशी कळणार?

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांच्याकडे असे रुग्ण वर्षानुवर्षे मुक्कामाला असत. अंगातली ताकद फारशी जात नाही, तेव्हा याला पक्षाघात म्हणणे चूक, असे सांगून त्यांनी रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले. पुढे बुद्धी मंदावते, स्मृती जाते, हेही नोंदवले. तरी जुना समज हटला नाही. लेवोडोपा आल्यावर थरथर आणि ताठरपणा आटोक्यात येऊ लागला, तेव्हा कुठे मनाकडे नीट लक्ष गेले. (आपल्या खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य असते. म्हणून त्या घरी कुटून घेऊ नयेत. मात्रा सांभाळता येत नाही.) सिडनीच्या डॉक्टरांनी वीस वर्षे पाठपुरावा केला. त्यानंतर हयात राहिलेल्या रुग्णांत ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश आढळला.

बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक पत्नीसह आले. बाई म्हणाल्या, “डॉक्टर, नातू झाला तरी ह्यांच्या तोंडावर हसू नाही.” सर हळू आवाजात म्हणाले, “आनंद झालाय हो. चेहराच ऐकत नाही.” बाईंना ते पटले नाही. मी होमिओपॅथ, त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवले.

चार वर्षांनी सरांचे थोरले भाऊ वारले. तेव्हा ते म्हणाले, “दुःख आहे की नुसता दमलोय, मलाच उमगत नाही.”

पहिल्या वेळी भावना आत होती, बाहेर दिसत नव्हती. आता ती आतच ओळखू येईना. या अवस्थेला मनोविकारतज्ज्ञ सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकात ‘अलेक्सिथायमिया’ हे नाव दिले. ग्रीकमध्ये अर्थ, भावनेला शब्द नसणे. कंपवातात ती इतरांपेक्षा अधिक आढळते. बेत आखणे, लक्ष एका कामावरून दुसऱ्याकडे वळवणे या मेंदूच्या पुढच्या भागाच्या कामांशी तिचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. ती मनाचा कोरडेपणा नव्हे.

हे सारे मी बाईंना समजावून सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे नातवाच्या वेळी ह्यांना खरंच आनंद झाला होता तर.”