जेवताना गालावर येणारा घाम आणि डॉक्टर वुत्स्या फ्रे

सोनारीहून परंड्याकडे जाताना मोटारसायकल घसरते आणि माणूस हनुवटीवर आपटतो. मार हनुवटीला, पण कधी मोडतो तो कानापुढचा जबड्याचा सांधा. हाड जुळते, माणूस कामाला लागतो. क्वचित एखाद्याला मात्र काही महिन्यांनी वेगळाच त्रास सुरू होतो. घास तोंडात घातला की त्या बाजूचा गाल लाल होतो, घामाने भिजतो. आंबट खाल्ले तर जास्तच. इफ्तारच्या दस्तरखानावर चारचौघांत गाल पुसत बसावे लागते. मग कोणी म्हणते, नजर लागली.

नजर नाही. कानापुढच्या एका मज्जातंतूतून लाळग्रंथीला लाळ सोडण्याचा निरोप जातो. त्याचे धागे तुटले आणि पुन्हा वाढताना वाट चुकून घामाच्या ग्रंथींना मिळाले, की लाळेचा निरोप घामाला पोचतो. गालाला आयोडीन लावून वर स्टार्चची भुकटी टाकली आणि रुग्णाला काही खायला दिले, तर घामाची जागा निळी-काळी दिसते. आज बोट्युलिनमच्या इंजेक्शनने काही महिने आराम पडतो.

असे रुग्ण फ्रान्सच्या बायार्जे यांनी 1853 सालीच नोंदवले होते. पण दोष या मज्जातंतूचा, हे नीट मांडले वुत्स्या फ्रे या पोलिश डॉक्टर बाईने, 1923 साली. गोळी लागलेला एक तरुण सैनिक जेवताना गालाला घाम येतो म्हणून आला होता. इतक्या क्षुल्लक वाटणाऱ्या तक्रारीकडे बाईने लक्ष दिले. वाट चुकलेल्या धाग्यांचा उलगडा पुढे इतरांनी केला, पण आजाराला नाव तिचेच राहिले: फ्रे सिंड्रोम.

1889 साली जन्मलेली ही बाई यहुदी होती. नाझींनी ल्वूफ शहर घेतले, यहुद्यांना घेट्टोत कोंडले. ती तिथेही रुग्ण तपासत राहिली. 1942 च्या सुमारास तिला मारले गेले. गुन्हा एकच, तिचा धर्म.

यहुदी म्हटले की आज आपल्या मनात आधी राजकारण येते. पॅलेस्टाइनचे दुःख खरे आहे, त्यावर बोललेच पाहिजे. पण निव्वळ धर्मावरून माणूस मारणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून इफ्तारला कुणी गाल पुसताना दिसला, तर नजर काढू नका. त्याला डॉक्टरकडे न्या, आणि त्या बाईचे नाव सांगा.