मुलींमधला ऑटिझम उशिरा का लक्षात येतो?

वर्गात शांत बसणारी, अभ्यासात बरी, कुणाला त्रास न देणारी मुलगी. शिक्षकांची तक्रार नसते, नातेवाईक 'किती गुणी पोर' म्हणतात. घरी आल्यावर मात्र ती दप्तर टाकून तासभर रडते. या मुलीला ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता असू शकते, अशी शंका सहसा कुणाला येत नाही.

ऑटिझम हा मेंदूच्या विकासातला जन्मजात वेगळेपणा आहे. संवाद, सामाजिक वागणं, आवडीनिवडी आणि संवेदना यांवर त्याचा परिणाम होतो.

मुलांवरून ठरलेली लक्षणं

लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ऑटिझमचं सविस्तर वर्णन केलं. त्यांच्या 11 बालरुग्णांपैकी 8 मुलगे होते. पुढच्याच वर्षी हान्स अॅस्पर्गर यांनी सविस्तर मांडलेले चारही रुग्ण मुलगेच होते. त्यामुळे ऑटिझमची ओळख बरीचशी मुलांच्या वागण्यावरून ठरत गेली. 'चार मुलांमागे एक मुलगी' हे प्रमाण अनेक वर्षं सांगितलं जायचं. 2017 च्या एका व्यापक आढाव्यात ते तीनास एकच्या जवळ असल्याचं दिसलं. अनेक मुली निदानातून सुटतात, असं त्यातून सूचित झालं.

मुलींमध्ये काय दिसू शकतं?

- आवडी: प्राणी, पुस्तकं, एखादी मालिका किंवा कलाकार. विषय इतर मुलींसारखाच, पण त्यात बुडून जाणं कितीतरी जास्त.
- मैत्री: एकाच मैत्रिणीवर सगळी भिस्त. ती दुरावली की शाळेत जाणंच नकोसं होतं.
- संवेदना: मिक्सरचा आवाज, लग्नातला बँड किंवा कपड्याचं लेबल असह्य होणं.
- बदल: ठरलेला बेत अचानक बदलला की प्रचंड अस्वस्थता.

यातलं एखादं लक्षण म्हणजे ऑटिझम नव्हे. ही लक्षणं लहानपणापासून आहेत का आणि त्यामुळे रोजचं जगणं अडतं का, हे पाहावं लागतं.

मास्किंग म्हणजे काय?

इतरांचं पाहून हसणं, प्रयत्नपूर्वक नजरेला नजर देणं, बोलायची वाक्यं आधी मनात घोकणं. स्वतःचं वेगळेपण असं झाकण्याला 'मास्किंग' म्हणतात. मुलगेही ते करतात. पण मुली आणि स्त्रियांमध्ये ते जास्त आढळतं. मुलीने समजूतदार असावं, पाहुण्यांशी नीट बोलावं, ही अपेक्षा त्यात भर घालते. दिवसभराचा हा ताण मग घरी बाहेर पडतो.

शिकलेल्या क्लृप्त्यांमुळे लक्षणं झाकली जाऊ शकतात, असं 2013 च्या 'डीएसएम-5' या निदान-पुस्तिकेतही नमूद आहे.

उशिराची किंमत

निदान न झालेल्या अनेक जणींवर वर्षानुवर्षं फक्त चिंता, नैराश्य किंवा खाण्याच्या विकारांचे उपचार होतात. मूळ कारण तसंच राहतं. काही स्त्रियांना तर स्वतःच्या मुलाचं निदान होताना आपलं बालपण ओळखू येतं.

निदान कसं होतं?

त्यासाठी रक्ततपासणी किंवा स्कॅन नसतं. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निरीक्षण करून आणि बालपणाची माहिती घेऊन निदान करतात. मोठ्या वयातही ते होऊ शकतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ऑटिझमचा समावेश असल्याने पात्र व्यक्तींना दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं.

तज्ज्ञांकडे जाताना घरातल्या प्रसंगांची टिपणं सोबत न्यावीत. कारण तपासणीच्या खोलीतही मुलगी मास्किंग करू शकते.