आजीचं गोंदण चालतं, नातवाचं चालत नाही

पोस्ट लांब आहे. पण आपल्याकडच्या भरतीवाल्या पोरांच्या कामाची आहे, म्हणून सवडीने का होईना, पूर्ण वाचा.

गेल्या महिन्यात खालापूरकडच्या एका ठाकुरवाडीत गेलो होतो. कोणती ते सांगत नाही. कर्जत-खालापुरात या नावाच्या वाड्या मोजायला बसलात तर हाताची बोटं पुरायची नाहीत, बोरघाटात तर रेल्वेच्या थांब्यालाच हे नाव आहे. गेलो होतो पाण्याच्या बातमीसाठी. बातमी झाली, चहा झाला, तेवढ्यात एक पोरगा बाजूला येऊन बसला. एकोणीस-वीसचा. अंगाने काटक, धावणारा. म्हणाला, "दादा, एक विचारू का? हे पुसून मिळतं का कुठे?"

शर्टाची बाही वर केली. उजव्या दंडावर धनुष्यबाण, खाली 'जय आदिवासी'. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या जत्रेत मशीनवाल्याकडून काढून घेतलेलं. तेव्हा तो बारावीत होता आणि चार मित्रांनी मिळून काढलं होतं. नंतर एका भरतीत गेला, धावण्यात पास झाला आणि अंग तपासताना बाहेर आला. त्याने सांगितलं, मी ठाकर आहे, दाखला आहे. उत्तर मिळालं की दाखला ठीक आहे, पण हे तुमच्या रितीचं गोंदण नाही.

ओटीवर त्याची आजी बसली होती. कपाळावर, हनुवटीवर ठिपके, दोन्ही हातांवर मनगटापासून वर हिरवट झालेली नक्षी. ती हसली. म्हणाली, "आमचं बघून कोन नाय म्हनत नव्हतं. आन् मेल्यावर दुसरं काय येतंय बरोबर? दागिनं तर काढूनच घेत्यात."

घरी येऊन नियम काढून वाचला. सैन्यभरतीच्या जाहिरातीत तो असतोच, आपण वाचत नाही. साधारण उमेदवाराला कायमचं गोंदण दोनच जागी चालतं: हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला. बाकी अंगावर कुठेही असलं तरी नाही. आदिवासी जमातींना मात्र सवलत आहे. चेहऱ्यावर किंवा अंगावर कुठेही असू दे, पण जमातीच्या रूढी-परंपरेप्रमाणे असलं पाहिजे. हवाई दल तर गोंदणाचे दोन फोटो मागतं, एक जवळून, एक लांबून. अंतिम निर्णय निवड करणाऱ्यांचा.

सगळी मेख 'परंपरेप्रमाणे' या एका शब्दात आहे.

आता थोडा इतिहास. सरकार आणि गोंदण यांचं नातं जुनं आहे आणि फार सरळ नाही. कंपनी सरकारने १७९७ साली बंगालमध्ये नियम केला की जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचं नाव, गुन्हा, शिक्षेची तारीख गोंदायची. देशी भाषेत, म्हणजे रस्त्यावरच्या माणसालाही वाचता यावं. इंग्रजांच्या कागदात त्याला नावसुद्धा आपलंच, 'गोदना'. पुढे मद्रासकडेही हे गेलं. ज्या सुईने बाया आपल्या लेकींच्या अंगावर तुळस काढून घेत होत्या, तीच सुई सरकारने माणसाला आयुष्यभर चोर ठरवायला वापरली. कैदी केस वाढवून, फेटा खाली ओढून ती अक्षरं लपवत. १८४९ साली ही शिक्षा कायद्याने बंद झाली. इंग्रज स्वतःच्या गोऱ्या शिपायालाही सोडत नव्हते बरं का. पळून गेलेल्याच्या अंगावर इंग्रजी 'डी' टोचायचे. त्याही आधी जा, रोमन सैन्यावर लिहिणारा व्हेजेटियस सांगतो की शिपाई कसाला उतरला की मग त्याच्या अंगावर खूण टोचावी. म्हणजे फौजेला गोंदणाचं वावडं होतं असं काही नाही. खूण कोणी करायची, एवढाच प्रश्न होता. आणि साहेबी थाटाचं म्हणाल तर पुढे राजा झालेल्या पाचव्या जॉर्जने तरुणपणी, १८८१ मध्ये, आरमारात असताना जपानमध्ये हातावर ड्रॅगन काढून घेतला होता. त्याला कोणी बाहेर काढलं नाही.

गंमत सोडा. आपल्या पोरांचा प्रश्न वेगळा आहे.

त्या वाडीत मी मुद्दाम फिरून बघितलं. आजीच्या वयाच्या बायकांच्या अंगावर गोंदण आहे. त्यांच्या सुनांच्या हातावर थोडंसं, एखादा ठिपका, नवऱ्याचं नाव. नातींच्या अंगावर काहीच नाही. एकीला विचारलं तर म्हणाली, शाळेत हसतात. शहरात कामाला गेलं की लोक चेहऱ्याकडे बघत राहतात. काजळ आणि सुया घेऊन वाडीवर येणाऱ्या गोंदणाऱ्या बायकाही आता येत नाहीत. २०१९ पासून सैन्यात लष्करी पोलिसांत जवान म्हणून मुलींनाही दार उघडलं. आजीसारखे हनुवटीवर ठिपके असलेली ठाकर मुलगी त्या दारात उभी राहिली तर नियम तिच्या बाजूने आहे. पण तशी मुलगी मला त्या वाडीत तरी सापडली नाही.

म्हणजे बघा, जे गोंदण आज कोणी काढत नाही त्याला सवलत आहे. आणि आजची पोरं आपण आदिवासी आहोत हे सांगायला जे काढतात, ते 'फॅशन' म्हणून बाद. कोन्याक नागांमध्ये पुरुषांच्या चेहऱ्यावर गोंदायची रीत होती, ती शत्रूचं शिर आणण्याशी बांधलेली. शिरं आणणं थांबलं, चेहरे गोंदणंही थांबलं. तिथल्या आजच्या पोरालाही ही सवलत कागदावर पूर्ण आहे.

रीत कुठली आणि नवं कुठलं, हे ठरवणार कोण? ठाकर समाजाला हा प्रश्न काही नवा नाही. १९७६ पर्यंत ठाकूर जमात अनुसूचित यादीत होती ती ठराविक तालुक्यांपुरती. कर्जत-खालापूर त्यात होते, म्हणून इथल्यांचं बरं. पुढे क्षेत्राची अट निघाली आणि पडताळणी समित्यांपुढे वेगळंच सुरू झालं. देव कुठले, लग्नात काय करता, मयतीला काय करता, नाच कुठला. उत्तरं जमली नाहीत की दाखला अवैध. शिकलेल्या, दोन पिढ्या गावाबाहेर राहिलेल्या माणसाला आजोबांच्या रिती तोंडपाठ कुठून असणार? अखेर 'महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती' या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं की ही आप्तभावाची चाचणी एकमेव कसोटी मानता येणार नाही. रिती बदलतात, माणूस बाहेर पडतो, हे न्यायालयाने मान्य केलं.

मग एका टेबलावर रीत बदलते हे मान्य आणि दुसऱ्या टेबलावर ती आजीसारखीच हवी, हे कसं?

आता माझं मत. मला सैन्याची बाजू अजिबात कळत नाही असं नाही. गळ्यावर मोठ्ठं काहीतरी, शिवी, एखाद्या टोळीचं चिन्ह, हे वर्दीवर नको हे मलाही पटतं. 'जय आदिवासी' ही घोषणा आहे आणि वर्दीवर घोषणा नको, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालेन, पण म्हणणं समजून घेईन. खरं सांगायचं तर जत्रेतल्या मशीनचं धनुष्यबाण ही ठाकरांची जुनी रीत आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही. तो पोरगाही सांगू शकला नाही. पण मग आक्षेप मजकुरावर घ्या, आकारावर घ्या, जागेवर घ्या. ते मोजता येतं. निमलष्करी दलांच्या नियमात तसं आहेही: डावाच हात, कारण सलाम उजव्याने करायचा, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान. त्यावर भांडता तरी येतं. सोलापूरचा एक तरुण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या भरतीत हातावरच्या धार्मिक चिन्हामुळे बाद झाला होता, तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१७ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पण 'हे तुमच्या रितीचं नाही' यावर विशीतला पोरगा रांगेत उभा राहून काय बोलणार? आणि वाडीतून मुंबईच्या कोर्टात जायचं तर वकील कोण देणार, तोवर भरतीचं वय थांबणार आहे का?

पोराला मी लेझरचं सांगितलं. पनवेलला करतात, पैसे बरेच लागतात, एका बैठकीत जात नाही. तो काही बोलला नाही. आजीने विचारलं, "लय दुखंल का?" तो म्हणाला, "काढताना दुखलं तेवढंच."

कार्तिकीला साजगावची जत्रा पुन्हा भरेल, मशीनवालेही येतील. म्हणून ओळखीच्या एका आश्रमशाळेतल्या सरांना म्हटलं, नियम फळ्याशेजारी लावा. ते म्हणाले, मराठीत सोपा करून द्या, लावतो. त्यांना दिलेला मजकूर इथेही टाकतो, ज्याला हवा त्याने घ्यावा:

"सैन्यात जायचं असेल तर दंडावर, छातीवर, पाठीवर, मानेवर, पायावर काही गोंदू नका. कोपर ते मनगट आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढंच चालतं. निमलष्करी दलात त्यातही हाताची आतली बाजू फक्त डावी धरतात. आदिवासी असाल आणि घरच्या रितीचं गोंदण असेल तर घाबरू नका, सवलत आहे. जातीचा दाखला आणि गोंदणाचे जवळून-लांबून काढलेले फोटो बरोबर ठेवा. नियम बदलतात. ज्या भरतीला जाणार तिची जाहिरात स्वतः वाचा, जत्रेतल्या मशीनवाल्याला विचारू नका."