‘काउंट रुपी’: तंजावूरचा महसूल आणि लंडनचे व्यंगचित्र

व्यंगचित्र हे इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावे, हे आपण एका उदाहरणातून पाहू. चित्र लंडनचे आहे, पण त्याचा धागा तंजावूरच्या शेतापर्यंत जातो.

जून १७९७ मध्ये जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराने ‘काउंट रुपी’ हे चित्र प्रसिद्ध केले. त्यात हाइड पार्कमध्ये घोड्यावरून रपेट करणारा एक गृहस्थ दिसतो. तो म्हणजे पार्लमेंटचा सभासद पॉल बेनफिल्ड. ‘काउंट’ ही युरोपातील सरदारकीची पदवी. तिला रुपया जोडला की अर्थ स्पष्ट होतो: ही सरदारकी घराण्याची नव्हे, पैशाची. मग हा रुपया आला कोठून?

वरातीचा व्यवहार

बेनफिल्ड १७६४ मध्ये कंपनीचा नोकर म्हणून मद्रासला आला. बांधकामाचे ठेके आणि सावकारी यांतून त्याने पैसा केला. त्याचा मोठा ऋणको होता अर्काटचा नवाब मुहम्मद अली. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेच्या मदतीने नवाबाने तंजावूर घेतले आणि तुळजाजी राजे भोसले यांना कैद केले. त्यानंतर कर्जाच्या फेडीसाठी नवाबाने तंजावूरच्या महसुलावर सावकारांना हक्क लिहून दिले. मराठी दप्तरांत अशा हुकमाला ‘वरात’ म्हणतात: अमुक मुलखाच्या साऱ्यातून अमुक रक्कम घ्यावी. म्हणजे कर्ज काढले नवाबाने आणि ते फेडायचे कावेरीकाठच्या रयतेने.

एप्रिल १७७६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड पिगट याने तुळजाजींना पुन्हा गादीवर बसवले. तेव्हा बेनफिल्डने सुमारे २,३४,००० पौंडांचा दावा मांडला. त्यातील मोठा भाग महसुलावरील वरातीचा होता आणि उरलेला रयतेला पिकावर दिलेल्या कर्जाचा. या वादातून मद्रास कौन्सिलात फूट पडली. २४ ऑगस्ट १७७६ रोजी विरोधी गटाने खुद्द गव्हर्नरलाच अटक केली. पुढच्या वर्षी पिगट अटकेतच वारला. १७८५ मध्ये एडमंड बर्कने नवाबाच्या कर्जावरील भाषणात बेनफिल्डवर कडाडून टीका केली. गिलरेचे चित्र त्यानंतर बारा वर्षांनी आले.

चित्रात कोण नाही?

आता एक तुलना करू. १७७३ मध्येच पार्लमेंटने चहाचा कायदा केला. त्यामुळे कंपनीचा चहा अमेरिकेत थेट विकता येऊ लागला, पण त्यावरचा कर कायम राहिला. १७७४ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या ‘द एबल डॉक्टर’ या चित्रात अमेरिका ही स्त्री आहे. तिला खाली दाबून पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ तिच्या घशात चहा ओततो आणि ती तो त्याच्याच तोंडावर थुंकते. येथे कर भरणारा चित्राच्या मध्यभागी आहे. बोस्टनमध्ये पॉल रिव्हिअरने त्याची नक्कल छापली, कारण तेथे छापखाना होता आणि आपल्यावरील अन्याय त्यात ओळखणारा वाचकही होता.

‘काउंट रुपी’मध्ये मात्र पैसा घेणारा दिसतो, देणारा दिसत नाही. जेम्स सेयर्सच्या डिसेंबर १७८३ मधील ‘कार्लो खान’ या गाजलेल्या चित्रातही तसेच आहे. फॉक्स हत्तीवर बसून कंपनीच्या कचेरीकडे निघाला आहे आणि हत्तीला तोंड लॉर्ड नॉर्थचे आहे. हिंदुस्थानची सूचना हत्ती आणि पोशाख यांतून मिळते, पण हिंदुस्थानातील माणूस विषय होत नाही. प्रश्न असतो तो सत्ता आणि पैसा लंडनमध्ये कोणाच्या हाती जाणार, एवढाच.

यावरून गिलरे किंवा सेयर्स खोटे ठरत नाहीत. व्यंगचित्र ते विकत घेणाऱ्याची चीड दाखवते. लंडनच्या ग्राहकाला नवश्रीमंत शेजारी खुपत होता, तंजावूरची रयत त्याच्या नजरेपलीकडे होती. म्हणून करावरील व्यंगचित्र वाचताना तीन प्रश्न विचारावेत: चित्र कोणी विकत घेतले? हसू कोणाचे झाले? आणि कर भरणारा कोठे आहे?

शेवटी एक नोंद. बेनफिल्ड १८१० मध्ये पॅरिसला गरिबीत वारला. तंजावूरचा कारभार १७९९ च्या तहाने कंपनीकडे गेला. सरफोजी राजांना वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळू लागला. सावकार गेला, राजाची सत्ता गेली, सारा मात्र चालूच राहिला. रयतेची बाजू शोधायची तर व्यंगचित्र पुरत नाही. त्यासाठी मोडी वाचायला शिकावे लागते आणि सरस्वती महालासारख्या ग्रंथालयातील कागदांकडे वळावे लागते.