पंतोजी, महेताजी आणि बाई

१८९३ हे साल आपल्याला ठाऊक असते ते सार्वजनिक गणेशोत्सवामुळे. लोकमान्यांनी त्या वर्षापासून या उत्सवाला चळवळीचे रूप दिले आणि मराठी माणूस जेथे जेथे गेला तेथे तेथे गणपती चौकात येऊन बसला. आम्हा बडोदेकरांना मात्र या सालाची आणखी एक ओळख हवी. याच १८९३ मध्ये श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमरेली तालुक्यातील निवडक गावांत सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये कायदा करून तो साऱ्या राज्यात नेला. एकीकडे विद्येचा देव घरातून रस्त्यावर आला, तर दुसरीकडे विद्या ओसरीवरून गावच्या चावडीपर्यंत पोचली.

पण मुलांना शाळेत बसविण्याची सक्ती करणे सोपे. त्यांच्यापुढे जो उभा राहणार त्याला समाजात कोणते स्थान द्यायचे, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही. शिक्षकदिनाची भाषणे आणि गणेशोत्सव हल्ली पुष्कळदा एकाच पंधरवड्यात येतात. त्या निमित्ताने या जुन्या प्रश्नाकडे आम्हाला वळावेसे वाटले. आपल्यापैकी कित्येक घराण्यांचा मूळ पुरुष या शहरात आला तो शिलेदार किंवा कारकून म्हणून, तसाच शाळामास्तर म्हणूनही आला. तेव्हा हा घरचाच इतिहास आहे.

आपल्याकडे शिक्षकाला फार मान होता, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे. मान गुरूला होता. गुरुपौर्णिमेला पूजा होई ती व्यासांची, दीक्षा देणाऱ्याची, शास्त्र सांगणाऱ्याची. गावातल्या पोरांना धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवायला लावणारा, पाढे पाठ करून घेणारा आणि मोडीचे वळण बसविणारा पंतोजी हा निराळा माणूस होता. त्याची शाळा देवळात किंवा एखाद्या सुखवस्तू गृहस्थाच्या ओसरीवर भरे. ठरलेला पगार नाही. पालक देतील ते धान्य, सणावाराला मिळेल ती दक्षिणा. पोरे त्याच्या छडीला भीत आणि मोठी झाल्यावर त्याच्या नकला करीत. 'पंत' आणि वर 'जी', असा दुहेरी आदराचा शब्द. पण मराठी विनोदाने त्याला जितके झोडपले तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला झोडपले असेल.

गुजरातीत हा शब्द 'पंतुजी' होऊन गेला, तो जाताना आदर मागे ठेवून आणि चेष्टा बरोबर घेऊनच गेला. गुजरातचा स्वतःचा शब्द 'महेताजी'. हिशेब ठेवणाराही महेताजी आणि मुलांना शिकवणाराही महेताजी. व्यापाराच्या मुलखात अक्षर आणि आकडे यांची किंमत सर्वांना कळत होती, तरी आकडे लिहिणाऱ्याची किंमत पेढीच्या मालकापेक्षा कमीच. 'महेतो मारेय नहीं ने भणावेय नहीं' ही म्हण आपण आजही शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकतो, पण ती कोणा आदरणीय पुरुषाविषयीची नाही.

तरीही याच शब्दाला एका माणसाने वजन मिळवून दिले. सुरतेचे दुर्गाराम हे सरकारी शाळेतले शिक्षक. त्यांना लोक दुर्गाराम महेताजी म्हणत आणि इतिहासातही ते त्याच नावाने राहिले. १८४४ मध्ये त्यांनी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली; जातिभेद, भुताखेतांवरची श्रद्धा, विधवांचे हाल यांवर उघड सभांतून बोलू लागले. त्यांच्या बरोबरीने उभे होते दादोबा पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणाचे कर्ते आणि तेव्हा सुरतेच्या इंग्रजी शाळेतले शिक्षक. एक गुजराती महेताजी आणि एक मराठी मास्तर यांनी मिळून केलेले हे काम आपल्यासारख्या दोन्ही भाषांत वाढलेल्या लोकांनी विसरू नये असे आहे.

मानाचा प्रश्न जातीशी आणि स्त्रीपुरुषभेदाशीही जोडलेला होता. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा शाळेत शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकले गेले. चारच वर्षांनी, १८५२ मध्ये, विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीराव फुले यांचा त्यांच्या शैक्षणिक कार्याबद्दल जाहीर सत्कार झाला. शहर तेच; शेणही तिथलेच आणि शालही तिथलीच. एकाच समाजात शिक्षकाविषयी दोन वृत्ती एका वेळी नांदू शकतात, याचे याहून उघड उदाहरण नाही.

जोतीरावांनी आंधळा आदर शिकविला नाही. शूद्रांच्या मुलांकडे काणाडोळा करणाऱ्या पंतोजींवर त्यांनी १८६९ मध्ये पोवाडाच रचला. मात्र १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी शिक्षकांची बाजूही मांडली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, या मागणीबरोबरच त्यांनी सांगितले की प्रशिक्षित शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस रुपये असावा. शिवाय गावचे हिशेब तपासणे, दस्त नोंदणे, टपाल सांभाळणे, अशी कामे त्याच्याकडे दिली तर गावात त्याचा दर्जा वाढेल. नुसता आदर करा, असा उपदेश त्यांनी केला नाही. गावाला ज्याची गरज पडते त्याला गाव मानते, हे त्यांनी ओळखले होते.

योगायोग असा की त्याच १८८२ मध्ये फ्रान्समध्ये जूल फेरी यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा कायदा केला. तेथील खेड्यातला शाळामास्तर अनेक ठिकाणी गावच्या नगरपालिकेचा चिटणीसही असे. जन्ममृत्यूची नोंद, अर्ज, दाखले यांसाठी शेतकऱ्याला त्याच्याच दारी जावे लागे. पाद्रीबुवांच्या बरोबरीने मास्तर हा गावचा दुसरा खांब झाला. पगार तिथेही बेताचाच होता. पण मास्तरच्या पाठीशी प्रजासत्ताक उभे आहे, हे गावाला दिसत होते.

आपल्याकडे पुण्याने निराळी वाट धरली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि १८८० मध्ये टिळकांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले; आगरकर लवकरच येऊन मिळाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्याने महिना पंच्याहत्तर रुपयांवर वीस वर्षे शिकवावे असा दंडक होता, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी तो पाळला. सदस्यांनी बाहेर मिळवलेल्या पैशाचे काय करायचे यावरून वाद होऊन १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. म्हणजे शिक्षकाने कितपत त्याग करावा यावर मोठ्या माणसांतही एकमत नव्हते. या त्यागी परंपरेचा आम्हाला अभिमान आहे. तिच्यामुळे मराठी मध्यमवर्गात शिक्षक हा शब्द उंचावला. पण तिची एक सावलीही पडली. त्याग हाच शिक्षकाचा अलंकार ठरला, आणि वेळेवर पुरता पगार मागणारा शिक्षक लोकांना हिशेबी वाटू लागला. ज्याला आपण हार घालतो त्याने पैशाचे नाव काढू नये, ही अपेक्षा आपण वकिलाकडून किंवा डॉक्टरकडून कधी केली नाही.

आता बडोद्याकडे वळू. सयाजीराव स्वतः कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ मध्ये दत्तक आले तेव्हा अक्षरओळखही नव्हती. एफ. ए. एच. इलियट यांच्या हाताखाली ते शिकले आणि हा गुरुशिष्यसंबंध पुढे स्नेहाचा झाला. इलियटसाहेबांना महाराजांनी राज्याच्या सेवेतही मोठी कामे दिली. वयाच्या बाराव्या वर्षी पाटी हातात घेतलेल्या राजाला शिक्षकाची किंमत सांगावी लागली नाही. परंतु राजाला कळले म्हणून प्रजेला कळते असे नाही. अंत्यजांच्या मुलांसाठी राज्याने शाळा काढल्या, तेव्हा तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. त्या मुलांना आधी मुसलमान शिक्षकांनी शिकविले आणि पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना पंजाबातून बोलावून ते काम सोपवावे लागले. विद्यार्थी कोण आहे यावर शिक्षकाची प्रतिष्ठा ठरत होती. हा भाग स्मरणिकांतून सहसा येत नाही, पण बडोद्याच्या शिक्षणाचा गौरव करताना तोही सांगितला पाहिजे.

गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचे उदाहरण होते. १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. एका संस्थानाला जे परवडले ते साम्राज्याला परवडले नाही.

त्याच सुमारास बडोद्यात एक छोटीशी राष्ट्रीय शाळा चालू होती, बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांचे गंगनाथ विद्यालय. तेथे शिक्षकांना 'सर' किंवा 'मास्तर' म्हणत नसत. घरातल्या नात्यांनी हाक मारीत. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर तेथे 'काका' झाले आणि विठ्ठल लक्ष्मण फडके 'मामा'. सरकारच्या रोषामुळे शाळा थोड्याच काळात बंद पडली, पण नाती उरली. काकासाहेब कालेलकर हे गुजराती गद्याचे मोठे लेखक झाले. गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. मामासाहेब फडके गोध्र्याच्या अंत्यज आश्रमात राबले. दोन मराठी शिक्षकांना गुजरातने जन्मभर काका आणि मामा म्हणून हाक मारली, हा आमच्या मते कोणत्याही पदकाहून मोठा सन्मान होय.

नात्याने मान देण्याची ही रीत आपल्या 'बाई' या शब्दातही आहे. मराठी शाळेत 'आमच्या बाई' म्हटले की त्यात धाक, माया आणि आदर तिन्ही आले. गुजरातीत मात्र 'बाई' म्हणजे कोणीही स्त्री, प्रसंगी घरकाम करणारी. तिथे शिक्षिका 'बहेन' असते. एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांत एकच शब्द एकीकडे मानाचा आणि दुसरीकडे उणा ठरतो. पूर्वी मराठी शाळेतून गुजराती शाळेत गेलेल्या मुलाला हा पहिला धडा मिळे.

दूरच्या देशांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जपानी भाषेत शिक्षकाला 'सेन्सेई' म्हणतात; शब्दाचा मूळ अर्थ आधी जन्मलेला. डॉक्टर, वकील आणि लोकप्रतिनिधी यांनाही हाच शब्द लावतात, म्हणजे शाळामास्तर त्यांच्याच पंगतीला बसतो. पण जपानने शब्दावर भागविले नाही. चांगली माणसे उद्योगधंद्याकडे जाऊ लागली, तेव्हा १९७४ मध्ये कायदा करून शिक्षकांचे वेतन सर्वसाधारण सरकारी नोकरांपेक्षा वरचे ठेवण्याचे ठरविले. चीनचे उदाहरण त्याहून बोलके आहे. कन्फ्यूशियसचा देश, शिक्षकाला बापाच्या जागी मानणारा. पण १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत विद्यार्थ्यांनीच शिक्षकांची धिंड काढली. त्याच देशाने १९८५ पासून १० सप्टेंबर हा शिक्षकदिन केला, आणि २०१८ मध्ये ३५ देशांतील लोकांना विचारून केलेल्या एका पाहणीत शिक्षकांच्या प्रतिष्ठेत चीन पहिला आला. तेव्हा आदर रक्तात असतो, संस्कृतीत मुरलेला असतो, हे समाधान फसवे आहे. दोन हजार वर्षांचा आदर दोन वर्षांत मोडतो आणि पुन्हा उभाही करता येतो. मात्र उभा करावा लागतो.

आज आपण कोठे आहोत? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपू नये असे म्हटले आहे. या तीन अपवादांतच त्यांचे पुष्कळ दिवस जातात. जोतीरावांनी गावची कामे शिक्षकाकडे द्या म्हटले होते, ती त्याचा मान वाढावा म्हणून, आणि गावाने त्याच्या दारी यावे अशी त्यात कल्पना होती. आज यादी हातात घेऊन तो घरोघर फिरतो आणि आपण त्याला दारातूनच उत्तर देतो. गावातला निवृत्त मास्तर दिसला की आपण वाकून नमस्कार करतो; मुलाने मास्तर व्हायचे म्हटले तर मात्र घरात शांतता पसरते. मराठी शाळांचे वर्ग या शहरात रोडावत गेले, त्यामागे इंग्रजीची ओढ आहे तशी ही शांतताही आहे. शिकवायला कोणी उरले नाही तर शिकायला कोण येणार?

आमच्या मंडळांत गणेशोत्सवात दहावी-बारावीच्या गुणवंतांचे कौतुक होते. ते व्हावेच. पण प्रत्येक मुलाकडून अर्जातच एक नाव लिहून घ्यावे: तुला अक्षर कोणी शिकवले? मग ते गुरुजी असोत, बहेन असोत, सर असोत वा बाई, मराठी असोत वा गुजराती, त्यांना मुलाबरोबर मंचावर बोलवावे. वर्षभरात मंडळाच्या शिष्यवृत्तीतून एखादी रक्कम शिक्षकाचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलामुलींसाठी राखून ठेवावी. गुरूला वंदन आपण करीतच आलो आहोत. पंतोजीचे देणे मात्र अजून फिटायचे आहे. विद्येच्या देवापुढे ते थोडे तरी फेडता आले, तर १८९३ च्या दोन्ही आठवणी एकाच मांडवात सजतील.